चित्रं कुणी कापली?

गेल्या महिन्यात आमच्या विद्यापीठात रिसर्च स्कॉलर्ससाठी एक सत्र झालं. विषय होता 'स्वतःचा शोध'. खरं सांगायचं तर मी चहा-समोशासाठी गेले होते. सिनॉप्सिसचा तिसरा ड्राफ्ट लाल पेनाने रंगून परत आला होता, आणि स्वतःचा शोध घेण्यापेक्षा स्वतःपासून दोन तास सुटका मिळाली तर बरं, अशी माझी अवस्था होती.

हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली. मधोमध रद्दीचा ढीग: जुने दिवाळी अंक, बँकांची कॅलेंडरं, सहलींची माहितीपत्रकं, गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं. बाजूला कात्र्या, फेव्हिकॉल आणि पोस्टकार्डापेक्षा मोठे कापलेले पुठ्ठे. सूचना एकच होती. फार विचार करायचा नाही, जे चित्र नजरेला धरून ठेवेल ते कापायचं. मी एका जाहिरातीतली शिडी कापली, एक बंद दुकानाचं शटर कापलं, आणि शिडीच्या टोकावर बगळा बसवला. मग कार्ड हातात धरून त्यातल्या चित्राच्या वतीने बोलायचं होतं, वाक्य 'मी अशी आहे, जी…' असं सुरू करून. माझ्या बगळ्याच्या तोंडून निघालं, "मी अशी आहे, जी एका पायावर उभी राहून कुणीतरी शटर उघडायची वाट बघते." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

शेजारी मानसशास्त्र विभागातली मैत्रीण होती. ती कानात म्हणाली, "अगं, हे म्हणजे उलटं केलेलं टीएटी."

माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात आणि पीएच.डी. विज्ञानाच्या इतिहासात, त्यामुळे 'उलटं केलेलं' हा शब्द डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचायला लागले आणि दोन आठवडे त्यातच गेले. (गाईडना हे सांगू नका.) पण या दोन आठवड्यांत जे सापडलं, ते रिसर्चच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाने वाचावं असं वाटलं, म्हणून ही पोस्ट.

आधी त्या कार्डांबद्दल. या पद्धतीचं नाव सोलकोलाज. ती कॅलिफोर्नियातल्या मानसोपचारक सीना फ्रॉस्ट यांनी घडवली. त्यांचं शिक्षण मानसशास्त्राचं आणि त्याआधी येल विद्यापीठात धर्मशास्त्राचंही. त्यांचं पहिलं पुस्तक २००१ मध्ये आलं. कार्ड साधारण ५ बाय ८ इंचाचं. पत्त्यांच्या कॅटमध्ये चार रंग असतात तसे इथेही चार गट आहेत: एकात आपल्याच स्वभावातली वेगवेगळी पात्रं, दुसऱ्यात आयुष्यातली माणसं, तिसऱ्यात प्राणी आणि चौथ्यात आदिम प्रतिमा, म्हणजे माता, योद्धा, विदूषक वगैरे. प्राण्यांचा गट शरीरातल्या चक्रांशी जोडलेला आहे. आपल्याकडची चक्रं कॅलिफोर्नियाला जाऊन तिथल्या वाघ-अस्वलांसकट आपल्याच विद्यापीठाच्या सतरंजीवर परत आली, हे मला गमतीचं वाटलं.

दोन नियम मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ते लागणार आहेत. पहिला: कार्डाचा अर्थ फक्त ते बनवणारी व्यक्तीच सांगणार. सत्र घेणाऱ्याने अर्थ लावायचा नाही. दुसरा: कार्ड विकायचं नाही, कारण कापलेली चित्रं मुळात दुसऱ्या कुणाची तरी आहेत.

सापडलेली चित्रं कापून नवं चित्र करण्याची कला अर्थातच याहून जुनी. कोलाज हा शब्द 'चिकटवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रांत कागद-कापड चिकटवायला सुरुवात केली, हे कलेच्या प्रत्येक पुस्तकात असतं. मला त्यापेक्षा बर्लिनची हाना होख जवळची वाटते. ती उलस्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेत भरतकाम-विणकामाचे नमुने काढायची नोकरी करत होती, आणि छापील मासिकांतली चित्रं कापून तिने १९१९-२० मध्ये फोटोमोंताज केले. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्राच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. पण होखला स्वतःचा शोध घ्यायचा नव्हता, तिला जर्मनीची चिरफाड करायची होती. कापलेल्या चित्रातून माणसाच्या मनात शिरण्याची कल्पना दुसरीकडून आली, आणि तिथेच टीएटी येते.

टीएटी म्हणजे थीमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट. एनडीए किंवा सीडीएसनंतर एसएसबीला गेलेल्या कुणालाही हे नाव सांगावं लागत नाही. पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दिसतं, मग ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी १२ चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. माझा मावसभाऊ या तयारीसाठी एका क्लासला जायचा. तिथे त्याच्याकडून गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. चित्र कुठलंही असो, त्याचा नायक पूरग्रस्तांना वाचवायचाच. मनाचा आरसा म्हणून बनवलेल्या चाचणीसाठी माणसं पाठांतर करून जातात, यावर खरं तर वेगळी पोस्ट लिहायला हवी.

ही चाचणी अमेरिकेतल्या हार्वर्ड सायकॉलॉजिकल क्लिनिकमध्ये तयार झाली. तिच्यावरचा पहिला शोधनिबंध १९३५ मध्ये 'अर्काइव्ह्ज ऑफ न्यूरॉलॉजी अँड सायकिॲट्री' या नियतकालिकात आला. कल्पना कशी सुचली याची सांगितली जाणारी गोष्ट घरगुती आहे. क्लिनिकशी संबंधित एका विद्यार्थिनीचा मुलगा आजारी होता आणि अंथरुणात पडल्या पडल्या मासिकांतली चित्रं बघून गोष्टी रचायचा. अशी चित्रं क्लिनिकमध्ये वापरता येतील का, असं तिने विचारलं. मग तिथल्या मंडळींनी मासिकं चाळायला घेतली. अट अशी की चित्र पुरेसं संदिग्ध हवं, आणि बहुतेक चित्रांत बघणाऱ्याला स्वतःला ठेवून बघता येईल असं एखादं माणूस हवं. चित्रं निवडली, कापली, काही नव्याने रेखाटली, पुठ्ठ्यावर चिकटवली.

म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मानसशास्त्रीय चाचण्यांपैकी एक मुळात कात्रणांची कार्डं आहे! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले.

आता १९३५ च्या त्या निबंधावरची नावं बघा. क्रिस्टियाना मॉर्गन आणि हेन्री मरे, याच क्रमाने. मॉर्गन पहिली लेखिका. पुढे १९४३ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने चाचणीचा संच आणि पुस्तिका काढली, जी आजही वापरात आहे. तिच्यावर नाव आहे हेन्री मरे, आणि हार्वर्ड सायकॉलॉजिकल क्लिनिकचा कर्मचारीवर्ग. आठ वर्षांत पहिली लेखिका 'कर्मचारीवर्ग' झाली.

कोण होती ही? क्रिस्टियाना मॉर्गन, जन्म १८९७, बॉस्टनची. न्यू यॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकला शिकली. तिच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ मध्ये ती झुरिकला कार्ल युंगकडे मनोविश्लेषणासाठी गेली. युंगची एक पद्धत होती, सक्रिय कल्पना. जागेपणी मनात येणाऱ्या प्रतिमांना थांबवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं, त्या रंगवायच्या. मॉर्गन त्यात इतकी खोल उतरली की तिच्या दृश्यांवर आणि चित्रांवर युंगने १९३० ते १९३४ अशी चार वर्षं व्याख्यानमाला चालवली. तिचं नाव न घेता. रुग्णाचं नाव गुप्त ठेवणं योग्यच, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतिहास म्हणून जोडून बघितलं तर चित्र असं दिसतं: युंगच्या व्याख्यानांत ती निनावी रुग्ण, आणि १९४३ च्या पुस्तिकेत ती निनावी संशोधक.

मरे मूळचा वैद्यकाचा माणूस, केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झालेला. दोघांचीही लग्नं झालेली होती, आणि दोघांचे आयुष्यभर प्रेमसंबंध होते. हे सांगायचं कारण गॉसिप नाही. पुढचा पुरावा तोलताना ते माहीत असावं लागतं.

तो पुरावा असा. नाव का गळलं, याचं स्पष्टीकरण मरेने फार उशिरा दिलं, मॉर्गन १९६७ मध्ये वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे चित्रं निवडण्या-सुधारण्यात मुख्य वाटा तिचाच होता. पण चाचणीबद्दल येणाऱ्या प्रश्नांना विद्वत्तापूर्ण उत्तरं देत बसायचा तिला कंटाळा होता, म्हणून नाव काढायला तिनेच सांगितलं. उलट बाजूला तिची चरित्रकार क्लेअर डग्लस. तिच्या १९९३ च्या चरित्रात मॉर्गन ही, जिच्या कामावर दुसऱ्यांची नावं मोठी झाली अशी स्त्री म्हणून समोर येते.

कुणाचं खरं? इथे थोडं थांबू या, कारण व्हायवामध्ये असेच प्रश्न येतात. मरेचं विधान प्राथमिक साधन आहे, तो तिथे हजर होता. पण ज्याला फायदा झाला त्याचंच ते विधान आहे, घटनेनंतर चार दशकांनी केलेलं, आणि जिच्याबद्दल आहे ती खोडायला हयात नाही. तरी ते खोटं म्हणायलाही आपल्याकडे आधार नाही. पदवी नसलेल्या बाईला पदवीधरांच्या प्रश्नांना तोंड देणं नकोसं वाटणं अगदी शक्य आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तिने स्वतः 'काढा' म्हटलंही असेल, आणि तसं म्हणावंसं वाटण्याजोगी तिथली हवाही असेल. सहलेखकाच्या यादीत आपलं नाव कितवं, यावरून ज्यांच्या लॅबमध्ये अबोला झालाय, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणखी एक प्रश्न बराच काळ मागे राहिला होता. ही चित्रं मुळात कुठून आली? टेनेसी विद्यापीठातल्या वेस्ली मॉर्गन या मानसशास्त्रज्ञाने (आडनाव तेच, नातं नाही) हा शोध घेतला आणि १९९५ मध्ये व नंतर २००२ मध्ये निबंध लिहिले. काम कसलं, तर एकेका कार्डासाठी जुनी मासिकं आणि चित्रसंग्रह धुंडाळणं. कुठलंही महागडं उपकरण नाही, फंडिंगचा अर्ज नाही. 'हे चित्र कुठल्या अंकातून कापलं?' एवढाच रिसर्च क्वेश्चन. विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी (त्यात मीही होते) हे निबंध जरूर वाचावेत.

त्यातून जे निघालं ते मजेशीर आहे. पहिलं कार्ड घ्या. टेबलावर व्हायोलिन, समोर डोकं हातावर टेकवून बसलेला मुलगा. यावर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट सांगतात: आईवडील बळजबरीने रियाझ करायला लावतायत, किंवा मुलगा मोठा वादक व्हायची स्वप्नं बघतोय. हे चित्र क्रिस्टियाना मॉर्गनने एका छायाचित्रावरून रेखाटलं होतं, आणि छायाचित्रातला मुलगा होता येहुदी मेन्युइन. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक, जे १९५२ मध्ये भारतात आले, मुंबईत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांना भेटले, आणि पुढे 'लाइट ऑन योगा'ला ज्यांनी प्रस्तावना लिहिली, तेच. म्हणजे कार्डातलं पोर कंटाळलेलं आहे की स्वप्नात आहे, याचं एक खरं उत्तर जगात अस्तित्वात होतं. पण चाचणीला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. एकोणिसावं कार्ड चार्ल्स बर्चफील्ड या अमेरिकी चित्रकाराच्या वादळी रात्रीच्या चित्राचं. सोलकोलाजचा तो दुसरा नियम आठवा: चित्रं मुळात दुसऱ्या कुणाची तरी आहेत. १९३० च्या दशकात क्लिनिकच्या टेबलावर याचा कुणाला फारसा विचार करावासा वाटला असेल असं दिसत नाही. (या पोस्टमध्ये टीएटीची कार्डं लावलेली नाहीत, ती याच कारणासाठी, आणि चाचणीची चित्रं आधीच बघितली की चाचणी खराब होते म्हणूनही.)

कात्रणं म्हटली की ती कुठल्या रद्दीतून आली, हा प्रश्न आलाच. हार्वर्डच्या रद्दीत गोऱ्या, अमेरिकी, बहुतेक मध्यमवर्गीय माणसांची चित्रं होती. हे लवकरच टोचायला लागलं. १९४९ मध्ये चार्ल्स थॉम्पसन यांनी कृष्णवर्णीय पात्रांची आवृत्ती केली. भारतात उमा चौधरी यांनी भारतीय माणसं, कपडे आणि घरं घेऊन नवी चित्रं तयार केली, त्यावरचा निबंध १९६० चा. कल्पना करा, मेजावरचं व्हायोलिन साताऱ्याच्या खेड्यातल्या माणसासमोर ठेवलंत तर तो गोष्ट सांगेल ती मुलाची की त्या अनोळखी वस्तूची?

आणि मग माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण. लॉस एंजेलिसच्या कला-उपचारतज्ज्ञ हेलन लँडगार्टन यांनी १९९३ मध्ये मासिकांतल्या फोटोंच्या कोलाजवर पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे वेगवेगळ्या वंशांची, भाषांची माणसं येत. प्रत्येक समाजासाठी वेगळा चित्रसंच करत बसण्याऐवजी त्यांनी दोन खोकी भरून कात्रणं ठेवली, एकात माणसं, दुसऱ्यात इतर वस्तू. आणि खोकीच पुढे केली. निवडायची तुम्ही, चिकटवायची तुम्ही, काय दिसतं ते सांगायचंही तुम्ही. १९३५ मध्ये चित्रं शोधणारे हात क्लिनिकचे होते. आता ते समोरच्या माणसाचे झाले.

मैत्रिणीचं 'उलटं' मला इथे नीट कळलं. टीएटीमध्ये निवड तज्ज्ञाची, गोष्ट तुमची, अर्थ पुन्हा तज्ज्ञाचा. शिवाय सुरुवातीला तुम्हाला सांगितलं जायचं की ही कल्पनाशक्तीची चाचणी आहे. म्हणजे आपण नक्की काय उघड करतोय हे सांगणाऱ्यालाच माहीत नसायचं. सोलकोलाजमध्ये तिन्ही गोष्टी तुमच्या. आणि तरीही दोन्हींचं पाणी एकाच विहिरीतलं आहे, युंगच्या. मॉर्गन झुरिकला जाऊन प्रतिमांशी बोलायला शिकली, फ्रॉस्टच्या चौथ्या गटातल्या आदिम प्रतिमाही युंगकडूनच आल्या. मूळ टीएटी संचातलं सोळावं कार्ड कोरं आहे. तिथे आधी चित्र मनात उभं करायचं आणि मग त्याची गोष्ट सांगायची. फ्रॉस्टच्या हातात कात्री येण्याच्या कितीतरी आधी टीएटीने त्या एका कार्डापुरती निवड समोरच्याकडे सोपवली होती.

आता माझ्यातली भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी गप्प बसत नाही. हे सगळं मोजतं काय? टीएटीच्या बाबतीत हा प्रश्न विचारून झालाय. २००० मध्ये लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब यांनी प्रक्षेपण चाचण्यांचा मोठा आढावा घेतला. टीएटीच्या काही ठरावीक गुणांकन पद्धतींना मर्यादित आधार मिळतो, पण रोजच्या वापरात बरेच तज्ज्ञ ठरावीक कार्डं वापरत नाहीत आणि ठरावीक पद्धतीने गुणही देत नाहीत, मनाने अर्थ लावतात, हा त्यांचा आक्षेप होता. दोन तज्ज्ञ एकाच गोष्टीतून दोन माणसं काढणार असतील, तर ती मोजपट्टी कसली? सोलकोलाजला हा आक्षेप लागू होत नाही, कारण ते मोजायचा दावाच करत नाही. मात्र उद्या कुणी तुमच्या कार्डावरून 'तुमच्यात निर्णयक्षमता कमी आहे' असं सांगायला लागलं, तर त्याच क्षणी आक्षेप लागू होईल, आणि तुम्ही कार्ड उचलून बाहेर पडावं. असं होऊ शकतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या जेराल्ड झाल्टमन यांनी १९९० च्या दशकात ग्राहकांना मासिकांतून चित्रं गोळा करून आणायला लावणारी मुलाखत-पद्धत काढली, तिचं पेटंटही घेतलं. माणसं चित्रांतून मनातलं बोलतात, आणि ऐकणारी असते साबण किंवा मोटार विकणारी कंपनी.

तुमच्यापैकी कुणी गुणात्मक संशोधन करणार असेल, सहभागींकडून चित्रं काढून किंवा कोलाज करून घेणार असेल, तर एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर 'डेटा ॲनालिसिस' या चौकटीत तुम्ही काय लिहिता ते एकदा बघा. अर्थ कोण लावणार आहे? आणि पेपर छापून येईल तेव्हा ते कोलाज कुणाच्या नावावर असेल?

परवा टेबल आवरताना माझं कार्ड पुन्हा हातात आलं. शिडी, शटर, बगळा. त्याच्याबरोबर न चिकटवलेली दोन कात्रणंही होती. ती उलटून बघितली. एकाच्या मागे अर्धं शब्दकोडं, दुसऱ्याच्या मागे कुठल्या तरी कथेचा मधलाच मजकूर, पानाचा क्रमांक १४७. कुठला दिवाळी अंक, कुठलं साल, काही नाही. मी लिहून ठेवलंच नव्हतं. सत्र घेणाऱ्या बाईंना मेसेज केला, तर म्हणाल्या, ढीग त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याकडे गेला.